आड बसणारी बाई

लातूरच्या कोर्टात नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध केस लढणाऱ्या आम्हा बायकांना धीर द्यायला एक जाडजूड समुपदेशक बाई येते. बोलते घाईघाईनं, हसते पोट धरून. दुष्काळातही स्वतःची पाण्याची बाटली आधी आमच्या हातात देते.

मी मिरचीची व्यापारी, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली. अडत्यांशी भावावरून रोज भांडते. पण मागच्या तारखेला साक्षीला उभी राहिले, नवऱ्यानं डोळे वटारले आणि माझी वाचाच बसली. “बाई खोटी आहे, म्हणून गप्प,” असं त्याचा वकील म्हणाला. ते अजून सलतं. आजही गप्प राहिले असते, तर केस बुडाली असती.

“ताई, एवढं अंग देवानं उगं दिलंय का? आज त्याचं तोंड तुम्हाला दिसणार न्हाई,” म्हणत ती समुपदेशक बाई नेमकी नवऱ्याच्या पुढच्या बाकावर बसली. मी साक्षीला उभी राहिले. तो डावीकडं वाकला, तीही वाकली. तो उजवीकडं, तीही उजवीकडं. त्यानं मान उंच केली, तर तिनं उभं राहून पदर सारखा केला. मला हसू आवरेना.

“हसायला काय झालं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“काई न्हाई साहेब, सांगते,” म्हणाले, आणि पहिल्या थपडेपासून सगळं सांगितलं.