औंदाचा रंग

वालूरच्या कापडदुकानात साड्या दाखवणारा तो माणूस गिऱ्हाईक पायरी चढायच्या आतच हंगामाची फॅशन सांगून मोकळा व्हायचा. "आक्का, औंदा रामा रंग लय चालायलाय. काठ बारीक, पदर मोठा. सुती आता कोन नेसायलंय?" बोलता बोलता पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवायचा. आम्ही बायका हसायचो आणि पुढच्या सणाचा रंगही त्यालाच विचारायचो.

एका दिवाळीला त्याने आमच्या शेजारच्या वैनींचं मन सुती लुगड्यावरून वळवलं आणि त्यांना नायलॉनची साडी घ्यायला लावली. संक्रांतीला चुलीपुढे पोळ्या करताना त्याच साडीच्या पदराने पेट घेतला. वैनी वाचल्या, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

पाडव्याच्या आधी त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या. त्याला सगळं कळलेलं होतं. त्याने तो हात पाहिला आणि मान खाली घातली. वैनींच्या मनात मात्र काहीच नव्हतं. "भाऊ, औंदा काय चालायलंय?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

तो घडी घातलेल्याच कापडाची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिला. "मला नका इचारू, वैनी. तुमाला काय पायजे ते तुमीच सांगा."

"मग मागच्यासारखीच दाव की. हलकी, चमकनारी. लेकीला द्यायचीय."

"तसली संपली," तो खाली बघतच म्हणाला.

तसल्या साड्यांची चळत त्याच्या पाठीमागेच होती, आणि मालक गल्ल्यावरून त्याच्याकडे बघत होता.