तिसऱ्या परिमंडळातली बोटं

माझा हात लवकर उठतो. माहेरी, सासरी, कामावर, सगळीकडे हे माहीत आहे आणि मला त्याची फारशी लाज वाटत नाही. ज्या महिन्याबद्दल सांगते आहे त्या महिन्यात मी तिघांना मारलं. पहिल्या दोघांना मारल्याचा आजही आनंद आहे. तिसऱ्यासाठी हे लिहायला बसले आहे.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी हजेरी आणि पगारपत्रकं सांभाळायचे. पत्रा कापणारी दहा-बारा मशिनं, दिवसभर धाडधाड आवाज, आणि गेटवर कायद्याने लावावा लागतो म्हणून लावलेला किमान वेतनाचा तक्ता. त्या तक्त्यात राज्याचे तीन तुकडे केलेले होते. महानगरपालिकेची हद्द पहिल्या परिमंडळात, नगरपालिकांची गावं दुसऱ्यात, उरलेलं सगळं तिसऱ्यात. काम तेच, मशीन तेच, पण तिसऱ्यातल्या माणसाचा दर पहिल्यापेक्षा कमी. गावात राहणं स्वस्त पडतं म्हणे. गॅसची टाकी आणि गोडेतेल कोणत्या गावात स्वस्त मिळतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आमच्या कॉन्ट्रॅक्टरने यातून वाट काढली होती. दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध त्याची एक शेड होती. तिथे दोन गंजलेली मशिनं आणि एक कुत्रं, एवढंच. कागदोपत्री मात्र तिथे चौदा कामगार होते. ते चौदाही जण रोज सकाळी सातला सातपूरच्या गेटातून आत यायचे आणि पगार तिसऱ्या परिमंडळाचा घ्यायचे. गेटचं रजिस्टर मी लिहायचे आणि त्या शेडचं मस्टरही मीच लिहायचे. माझं अक्षर सुंदर आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे. त्याच अक्षरात मी दोन वर्षं रोज चौदा खोट्या हजेऱ्या लावल्या, आणि तेव्हा माझा हा हात काही उठला नाही.

त्या चौदांत पेठकडच्या डोंगरातला एक जण होता. तिशीचा, दोन मुलींचा बाप, प्रेसवर सगळ्यात सफाईचं काम त्याचं. चहाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी यायचा.

"ताई, आज मी कुठं हाय?"

"दिंडोरीला."

"आरं! मंग येताना दोन घड द्राक्षं आणाय पायजे व्हती."

आम्ही दोघं हसायचो. हसायचो, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

प्रेस चालवायला दोन हातांनी दोन बटणं दाबावी लागतात. म्हणजे मशीन खाली येताना हात आत राहूच शकत नाही. आमच्याकडे एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, कारण त्याने तासाला जास्त नग निघायचे. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मला आवाज वेगळा आला. नेहमीच्या धाडधाडीत एकच ठोका मऊ पडला. मग तो ओरडला.

मी पोचले तेव्हा तो मनगट धरून उभा होता आणि रक्त त्याच्या कोपरावरून बुटात गळत होतं. उजव्या हाताची तीन बोटं डायमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यात, राहिली होती. नग काढायच्या चिमट्याने एकाने ती बाहेर काढली आणि तिथेच ओकला. मी माझा डबा कचऱ्यात उपडा केला, शेजारच्या रसवंतीवरून बर्फ आणला, बोटं पिशवीत आणि पिशवी डब्यात घातली. डॉक्टर लवकर मिळाला तर बोटं जोडतात, एवढंच मला ऐकून ठाऊक होतं.

सुपरवायझरने व्हॅन काढली. मागच्या सीटवर मी, तो, आणि त्याच्या मांडीवर डबा. हॉस्पिटल पाच मिनिटांवर होतं. ते मागे पडलं. मला वाटलं, दुसऱ्या मोठ्या ठिकाणी नेतोय. पण आम्ही मखमलाबाद ओलांडून दिंडोरी रोडला लागलो, तेव्हा मी ओरडले, "कुठे नेतोयस?"

"शेडवर," सुपरवायझर आरशात न बघता म्हणाला. "साहेबांचा फोन आलाय. मस्टर तिकडचं आहे ना, मग अपघात सातपुरात कसा दाखवणार? तिथून तिथल्या सरकारी दवाखान्यात नेऊ."

म्हणजे बोटं तुटली पहिल्या परिमंडळात आणि ती तुटल्याची नोंद व्हायची तिसऱ्यात. त्यासाठी रक्त गळणाऱ्या माणसाला तो शहराबाहेर घेऊन चालला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चप्पल काढली आणि मागून त्याच्या डोक्यात, कानावर, तोंडावर मारत सुटले. व्हॅन रस्ता सोडून खडीत घुसली आणि थांबली. त्याने उतरून मागचं दार उघडलं, माझे केस धरले आणि मला खाली ओढलं. माझं तोंड दाराच्या कडेवर आपटलं. माझा पुढचा एक दात तेव्हाच तुटला. मी त्याच्या मनगटाला चावले आणि सोडलं नाही. तो माझ्या पाठीत गुद्दे घालत होता. आत तो बिचारा डबा छातीशी धरून ओरडत होता, "नका मारू, दोघंबी नका मारू!"

बागेत छाटणी करणाऱ्या चार-पाच बाया कात्र्या घेऊन धावत आल्या. त्यांनी आधी मला बघितलं, मग आतलं रक्त बघितलं. त्यांतली एक थोराड बाई कात्रीचं टोक सुपरवायझरच्या गळ्याला लावून म्हणाली, "गाडी फिरव, न्हाय तर हितंच छाटते तुला." त्याने गाडी फिरवली. या सगळ्यात तासाहून जास्त वेळ गेला.

बोटं जोडता आली नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं, "लवकर आणली असती तर?" ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुमच्या ओठाला टाके घालावे लागतील." या उत्तराचा मी अजून अर्थ लावते आहे.

संध्याकाळी हॉस्पिटलात कॉन्ट्रॅक्टर बिस्किटांचे पुडे आणि एक कागद घेऊन आला. "मॅडम, अपघाताची जागा तेवढी दिंडोरीची लिहा. दोन दिवसांत मिटवून टाकू." मी त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा लांब उडाला. त्याच्या माणसाने मला जिन्यावरून ढकललं आणि मी चार पायऱ्या खाली पडले. नोकरी गेली हे सांगायला नकोच. पण गेटचं रजिस्टर मी त्या दुपारीच कामावरून उचलून घरी कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. भरपाई पगारावरून ठरते. सातपूरचा अपघात सिद्ध झाला तर त्या जखमीला पहिल्या परिमंडळाच्या दराने पैसे मिळणार होते आणि बाकीच्या तेरांचंही मस्टर उघडं पडणार होतं. मी कामगार कार्यालयात त्याच्या नावाने तक्रार केली. सही त्याचीच घेतली. डाव्या हाताने, वाकडीतिकडी.

पंधरा दिवसांनी सुनावणी झाली. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यांनी ते नीट बघितलं आणि त्याला विचारलं, "अपघात झाला तेव्हा कुठे काम करत होतात?"

तो खाली बघत म्हणाला, "दिंडोरीकडल्या शेडवर."

अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. ते म्हणाले, जखमीचाच जबाब असा असेल तर नुसत्या रजिस्टरवर किती ओढणार. मग आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

व्हरांड्यात आल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही उरलं नाही. माझा दात, माझी नोकरी, जिन्यावरून पडल्याचे डाग. मी त्याला मारलं. जीव खाऊन मारलं. त्याने चेहरा वाचवायला सवयीने उजवा हात वर केला आणि माझी थप्पड त्या पट्टीवर बसली. त्याचा श्वासच अडकला. भिंतीला घसरत तो खाली बसला आणि पांढऱ्या पट्टीवर लाल ठिपका वाढत गेला.

मीही खाली बसले. तो म्हणाला,

"ताई, तुमचं खरं हाय. पण सातपूर खरं ठरलं तर पैसं येतील आन काम जाईल. ह्या हाताला कोण लावील प्रेसवर? कॉन्ट्रॅक्टर शेडवर वॉचमन ठेवतो म्हनला. तिकडल्या रेटनं, पण कायमचा."

"तो रेट कमी आहे रे."

"तुमाला कमी. आमच्या पाड्यावर तेवढा रेट कुनी देल्लाच नाय कधी. बायको बागंवर जाती, तिला त्याच्या निम्मा देत्यात." त्याने पट्टीकडे बघितलं. "तुमी पहिला दुसरा तिसरा म्हंता. आमचा नंबर त्या तक्त्यावर हायच कुठं?"

माफी मागितली, तर तो म्हणाला, जाऊ द्या.

आतून बोलावणं आलं. जबाबाचा कागद भरायचा होता. अधिकारी म्हणाले, कोणीही लिहा, सही त्यांची हवी. "अपघाताचे ठिकाण" या रकान्यापाशी तो थांबला. डाव्या हातात पेन धरून दोनदा प्रयत्न केला, पेन घरंगळलं. मग त्याने ते माझ्यापुढे ठेवलं.

"ताई, तुमीच लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी पेन उचललं. त्या रकान्यात दिंडोरीजवळच्या त्या गावाचं नाव लिहिलं. दोन वर्षं रोज लिहीत होते, त्यामुळे हात अडखळला नाही.