स्क्रीनवर दोन वंदना

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी आमच्या पालघरच्या ऑफिसात सुनावणी झाली... लॅपटॉपवर. तेव्हापासून लिहू की नको, असं चाललं होतं. आज लिहितेच.

मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेत भाषांतराचं काम करते. नाव लिहीत नाही. मुख्यालय युरोपात, आणि आम्ही इथे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. गावागावांतल्या बाळांची वजनं घ्यायची आणि ती मुख्यालयाला दिसतील अशी नोंदवायची, हे आमचं काम.

वंदना आमची फील्डवरची मुलगी. शिरगावची, आई मासळी विकते. सकाळी पर्स खाली ठेवायच्या आधी माझ्या टेबलाशी येऊन विचारणार, "काकू, चा झाला का?" माझी मुलगी परदेशी गेल्यापासून हा प्रश्न मला फार गोड लागायचा...

भानगड झाली ती लॉगिनची. मासवणकडच्या पाड्यांवर आमच्या स्वयंसेविका टॅबवर वजनं भरतात. प्रत्येकीने स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं आणि फोनवर येणारा ओटीपी टाकायचा, असा नियम. पण दिवाळीनंतर नवरे वीटभट्टीवर जातात आणि घरातला एकुलता एक फोन त्यांच्या खिशात जातो. बाळ मासवणला, ओटीपी भट्टीवर.

मग वंदनाने सगळ्यांना स्वतःचं लॉगिन देऊन टाकलं. नेट नीट चालायचं तेव्हा त्याच टॅबवर कोणी रेशनचं बघायची, कोणी माहेरी व्हिडिओ कॉल करायची. मुख्यालयातल्या कॉम्प्युटरला मात्र एवढंच दिसलं, की वंदना नावाची कर्मचारी एकाच वेळी पालघरला, मासवणला आणि डोंगरातही बसलेली असते. चौकशी लागली.

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. परक्यांच्या बाळांची माहिती आहे, जपायलाच हवी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्या सिस्टर प्रत्येक पेन्सिलीवर नावाची चिठ्ठी चिकटवून घ्यायच्या, दुसरीची पेन्सिल घेतली की सॉरी म्हणायला उभं करायच्या. मला ते अंगवळणी पडलंय. वंदनाच्या घरी शेजारीण न विचारता आत येऊन तवा घेऊन जाते... तिला पासवर्डचं काय ते वेगळं वाटणार?

वंदनाचा नवरा बोईसरला कंपनीत आहे. तो चिडून म्हणाला, "आमच्याकडे असं झालं असतं तर युनियनवाले गेटवर बसले असते. तुमच्याकडे गेट तरी हाय का?" वकिलाला विचारलं, तर अशा संस्थांवर इथलं लेबर कोर्ट चालत नाही म्हणे. तक्रार करणारे, चौकशी करणारे आणि अपील ऐकणारे, सगळे त्या एकाच दूरच्या इमारतीतले. माणसं वाईट नाहीत... फक्त फार लांब आहेत.

सुनावणीला दुभाषी मीच. समोर तिघं होते, अध्यक्षबाई वयाने माझ्याएवढ्या, बोलायला अगदी मऊ. वंदनाने सगळं कबूल केलं. पासवर्ड बदललाय, बायकांना आपापलं लॉगिन वापरायला सांगितलंय, असंही म्हणाली. ते खरं होतं, तिने पासवर्ड बदलला तेव्हा मी शेजारीच बसले होते. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. लेखी समज देऊन सुटेल, असं मलाही वाटायला लागलं.

मग साक्षीदार. मासवणची स्वयंसेविका जयवंती शाळेच्या ओट्यावरून, टॅबवर, एकटीच बोलणार होती. स्क्रीनवर नवा चौकोन उघडला आणि त्यात सगळ्याच बायका, कडेवर पोरं, हात हलवतायत. चौकोनाखाली नाव आलं... वंदना.

तो टॅब कधी लॉगआउटच झाला नव्हता. लॉगआउट केलं की परत ओटीपी मागणार, म्हणून त्या तो कधी बंद करतच नव्हत्या. पासवर्ड बदलला की जुनं उघडलेलं आपोआप बंद होतं, असं आम्हाला वाटलं होतं. तसं होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, यातल्या वंदना कोण? मी मराठीत विचारलं. जयवंती हसत म्हणाली, "आमीच सगल्या वंदना म्हना ना, काकू. तिच्या नावावरच तर चाललाय सगला. लय चांगली हाय ती, तिला काढू नका, सांगा त्यांना."

मी माइक बंद करून वंदनाकडे बघितलं. वंदनाने माझ्या हातावर हात ठेवला. "सांगा काकू. बोलली ती तसंच सांगा."

मी सांगितलं, शब्द न शब्द. मुख्यालयाने लिहिलं, की कर्मचाऱ्याने चौकशीत दिलेली माहिती वस्तुस्थितीशी जुळत नाही, सबब करार पुढे वाढवता येणार नाही. त्या पत्राचं मराठीही मलाच करावं लागलं. 'सबब' लिहिताना वाटलं, इतकं कोरडं कुणी तिच्याशी कधी बोललं नसेल.

जयवंतीला अजून वाटतं, आपल्या साक्षीने थोडा तरी उपयोग झाला असेल. तिला खरं काय ते आम्ही दोघींनीही सांगितलेलं नाही, आणि ती फेसबुकवर नाही.

काल मुख्यालयाचा ईमेल आला, मासवणच्या नोंदी का येत नाहीत, संबंधित कर्मचाऱ्याने कळवावे. मी दुपारी रिक्षा करून मासवणला गेले. बायका वजनं घेतायत, अजिबात खंड नाही. वंदनाचं लॉगिन बंद झालं म्हणून शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवतायत, बाळाचं नाव आणि पुढे आकडा.

वंदना, तू हे वाचशील म्हणून लिहिते. भिंत जवळजवळ भरत आलीय गं. बाळं वाढतायत.