रोज मागितलेली खूण

शाळेच्या गाडीतली पोरं त्यांना सावकाशकाका म्हणायची. दार उघडलं की काकांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. चढताना सावकाश, उतरताना सावकाश, अरे बाटली राहिली, सावकाश. गाडीही तशीच हाकायचे. मागचे लोक भोंगे वाजवून थकायचे, एखादी शिवीही हासडायचे, पण काका ढिम्म.

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली की काका उभे राहायचे. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण कुणाच्या लेकराला साधं खरचटलं नाही, हे सगळं प्रभूचं राखणं, असं सांगायचे. मंडळी आमेन म्हणायची. काकू मागच्या बाकावरून हळूच पुटपुटायच्या, की गाडी पळाली तर खरचटेल ना.

अशा माणसाची डाव्या बाजूची नजर जायला लागली.

आधी चहाचे कप पडायला लागले. मग दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. काका गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाने टिकवू. आणि गाडी चालवणं आजपासून बंद. काकांनी मान डोलावली, थेंबांची बाटली घेतली आणि गाडीच्या कप्प्यात फडक्याखाली दडवून ठेवली. घरी एक अक्षर बोलले नाहीत.

बोलणार तरी काय? जावई परगावी कामाच्या शोधात, मुलगी आणि नात यांच्याकडेच. घर चालत होतं ते या गाडीवर. शिवाय गाडी गेली की सावकाशकाका कोण? कोपऱ्यात बसून खोकणारा एक म्हातारा. रस्त्यात मान पुरती वळवून बघायचीही त्यांना भीती वाटायला लागली, न जाणो कुणाच्या लक्षात आलं तर!

मग त्यांनी एक तोडगा काढला. सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगवर कपाळ टेकायचं आणि म्हणायचं, "प्रभू, आज सगळी लेकरं सुखरूप घरी पोचली, तर मीच गाडी चालवावी अशी तुझी इच्छा आहे असं मी समजेन." दुपारी गाडी रिकामी झाली की खूण मिळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता सांगा, या प्रार्थनेत खोट कुठे आहे हे काकांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण भ्यालेला माणूस देवाशीसुद्धा घासाघीस करतो.

गाडीत दाराजवळ मुलांना चढवा-उतरवायला एक बाई असायच्या. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, ही त्यांची भाषा. एका दुपारी काका कोपऱ्यावर डावीकडे वळायला लागले आणि बाईंनी पत्रा दोन्ही हातांनी बडवला. काकांनी ब्रेक दाबला. मुलांच्या बाटल्या गडगडत पुढे आल्या, पोरं खिदळली. गाडीच्या तोंडाशी एक तरुण आई उभी होती. तिचा एक हात बाबागाडीवर होता आणि दुसरा काकांच्या गाडीवर टेकलेला, जणू एवढं धूड ती हाताने अडवणार होती. काकांना गाडी पुन्हा सुरू करायला वेळ लागला.

सगळी मुलं उतरल्यावर बाईंनी विचारलं, "दादा, ती दिसली नाही तुम्हाला?" काका म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. ऊन पाठीमागे होतं. आणि काकांचा कहर असा की तीसुद्धा त्यांनी खूणच धरली. वाचलं ना बाळ? मग प्रभूनेच वाचवलं, म्हणजे त्याची परवानगी आहे.

त्या शनिवारी मुलीने जेवताना विषय काढला. सोमवारपासून छोटीची शाळा सुरू, तर आजोबांच्याच गाडीतून जाऊ दे. छोटीने नवे बूट दाराशी आणून ठेवलेच होते. दाराजवळची जागा माझी, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

"नको," काका म्हणाले.

विचार करायच्या आत शब्द तोंडातून सुटला होता. मुलगी हसली, म्हणाली, असं काय बाबा, जागा नाही का? काका म्हणाले, मोठी मुलं दंगा करतात, ढकलाढकली होते, तू आपली पायी सोड. काकूंनी ताट बाजूला सारलं; पडलेले कप, चौकटीला लागणारा खांदा, सगळं त्यांना आठवलं. मग त्यांनी मुलीला आणि नातीला बाहेर पाठवलं, उठल्या, आणि काकांच्या डाव्या अंगाला जाऊन गप्प उभ्या राहिल्या.

"मी कुठे उभी आहे, सांगा."

काकांना सबंध मान वळवावी लागली. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टर, थेंब, ती बाबागाडी, रोजची खूण, सगळं त्यांनी सांगून टाकलं. काकू चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या. ते बघून काका आणखीच घाबरले.

"अहो, खूण कसली मागताय रोज? हातच्या काकणाला आरसा कशाला? आपल्या छोटीला बसवायचं म्हटल्यावर नको म्हणालात, हेच उत्तर."

"घर कसं चालणार?"

"मला माहीत नाही. मलाही भीती वाटतेय."

काका म्हणाले, एक महिना तरी, जावयाचं काही जमेपर्यंत. काकूंनी विचारलं, त्या महिन्यात लोकांची लेकरं बसणारच ना गाडीत? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मग दोघांनी तिथेच, उष्ट्या ताटांपाशी प्रार्थना केली. या वेळी काकांनी खूण मागितली नाही. गाडी सोडायचं बळ दे, एवढंच म्हणाले.

गाडीचा मालक दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. काका किल्ल्या परत द्यायला गेले, तर तो म्हणाला, अहो, नजर सगळ्यांचीच उतरते! सहामाही परीक्षा होईपर्यंत ओढा, बाई घेतील सांभाळून, कोणाला कळतंय? काका थबकले. इतकं सोपं? घ्या, ही तर आयती खूण चालून आली! किल्ल्या मुठीत होत्या आणि मूठ उघडेना. घरातली रिकामी पातेली डोळ्यांपुढे आली, मग गाडीवर टेकलेला तो हात आला.

"मला डाव्या बाजूचं दिसत नाही," काका म्हणाले. "आणि हे मला आज कळलेलं नाही. माहीत असूनही मी लेकरं नेली. सगळ्या आईबापांना मी हे सांगणार आहे." मालकाचा चेहरा उतरला. काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि भिंतीला हात लावत बाहेर पडले.

रविवारी साक्षीच्या वेळी ते उभे राहिले आणि त्यांनी हेच सगळं सांगितलं, तेव्हा आमेन म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. गाडीत ज्यांची मुलं होती अशा एक-दोघांनी नंतर हात मिळवला नाही. एक आई तर सगळ्यांदेखत रडली आणि नको ते बोलली. काकांनी ऐकून घेतलं.

सोमवारी गाडी कोपऱ्यावर आली. नवा चालक तरुण होता, हात झरझर फिरवणारा. काकांनी छोटीला उचलून दाराजवळच्या जागेवर बसवलं. "सावकाश," ते म्हणाले, कोणाला ते त्यांनाही कळलं नाही. बाईंनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. काकांनी उघडपणे मान पुरती वळवून एकेका खिडकीकडे बघून घेतलं. गाडी भर्रकन निघून गेली.

दुपारी गाडी यायच्या बऱ्याच आधी ते कोपऱ्यावर येऊन उभे राहिले, रस्त्याकडे डोळे लावून, बाकीच्या आईबापांसारखेच.