रुमालातलं बियाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. शेतकी शिकायला विलायतेस निघालो, तेव्हा मुळशीच्या खोऱ्यात धरणाचं पाणी चढत होतं. पौडला जाणाऱ्या बैलगाडीत शेजारी एक म्हातारी होती. तिचं शेत बुडालं होतं. मांडीवरचं आंबेमोहोराच्या बियाण्याचं गाठोडं ती सारखी चाचपत होती. मी विलायतेला निघालोय हे ऐकून उतरताना तिनं त्यातलं निम्मं माझ्या रुमालात ओतलं.

"बियानं एकाच घरात ठिवू नये, लेकरा. तितं पेर."

"आजी, तिथं बर्फ पडतो."

"मग बरफ इतळल्याव पेर की! पर उपाशी ऱ्हायलास तरी खायाचं न्हाई."

तिकडे रोज उकडलेले बटाटे असत. एका रविवारी राहवेना. मी ते भात बाटलीनं भरडलं आणि शिजवलं. वासानं शेजारच्या खोल्यांत राहणारी आपल्याकडची मुलं दार ठोठावत आली. बोटं चाटत जेवलो आणि मग तिची चाचपणारी बोटं आठवली.

रुमालात मूठभर उरलं होतं. ते परत आणून कासारसाईच्या आमच्या शेतात पेरलं. निम्मंच उगवलं, पण उगवलं. आता दरसाल बियाणं मागायला येणाऱ्यांना मी तिचंच वाक्य ऐकवतो, "उपाशी ऱ्हायलास तरी खायाचं न्हाई."

तिचं नाव विचारायचं राहिलं. त्या भाताचं एक जेवण मी तिला अजून देणं लागतो.