किसनरावांची सहा दिवसांची चिठ्ठी

सकाळी मी घड्याळाला चावी देत होतो, तेवढ्यात लातूरहून किसनरावांच्या मुलीचा, सुजाताचा, फोन आला. "काका, आमचे दादा गेले," एवढंच ती बोलली. चावी अर्धीच राहिली आणि घड्याळ पुढं कधीतरी बंद पडलं... पंधरा दिवसांपूर्वीच इथून, नांदेडहून, जाऊन मी त्यांना भेटून आलो होतो. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळ कानाशी नेलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, ती चिठ्ठी हाय का अजून?" असंल कुठंतरी, मी म्हणालो. ते नुसते हसले.

त्या चिठ्ठीचं सांगायलाच हे लिहायला बसलोय. लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा औशाहून बदली होऊन मी कचेरीत कारकून म्हणून आलो. आमच्या गल्लीत वीस घरं, विसावं किसनरावांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली रेडिओ. बसस्टँडसमोर काचेची पेटी मांडून ते घड्याळं दुरुस्त करायचे. काम शिकले नांदेडच्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडं. उस्तादाचं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं, "घडी का हाल घडी से पूछो, मालिक से नक्को पूछो." म्हणून कुणी कितीही घाई केली तरी घड्याळ सहा दिवस ठेवून घ्यायचे. एक दिवस उताणं, एक दिवस पालथं, मग चारी कडांवर एकेक दिवस. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी ताडून किती सेकंद पुढं, किती मागं, ते एका चिठ्ठीवर लिहायचे. मला याचं लई हसू यायचं. अहो, माणसाला इतकं कुणी तपासत नाही!

त्याच साली माझ्या धाकट्या भावानं, बाळूनं, कुवेतहून मला घड्याळ पाठवलं. तीन लहान डायल, बाजूला दोन खटके. वरचा दाबला की मधला लांब काटा पळायचा, परत दाबला की थांबायचा. कचेरीत साहेबसुद्धा वाकून बघायचे. मी नुसता हवेत होतो. आणि मग तो दुष्काळ पडला. दिवसाआड टँकर यायचा आणि गल्लीत हमरीतुमरी व्हायची. शेवटी ठरलं, दर घराला पाइप तीन मिनिटं, आणि मोजायचं माझ्या घड्याळावर. मी शिट्टी घेऊन टँकरपाशी उभा राहायचो. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला कलेक्टर झाल्यासारखं वाटायचं.

महिनाभरानं किसनरावांनी घड्याळ तपासायला मागून घेतलं. सहा दिवस त्यांच्या गजराच्या घड्याळावर पाणी वाटलं गेलं. सातव्या दिवशी टँकरपाशी येऊन त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, घड्याळ नकली आहे, पण वाईट नाही, वेळ चांगली दाखवतं, फक्त लांब काट्यावर भरवसा ठेवू नका. माझं डोकंच फिरलं. बाळूनं घाम गाळून घेतलेली वस्तू, आणि हे तिला नकली म्हणतात! सगळी गल्ली हंडे घेऊन उभी होती. त्यांच्यासमोर मी मोठ्यानं म्हणालो, "शेवटचं घर ना तुमचं! कितीही दिलं तरी कमीच पडणार तुम्हाला."

त्यांचा चेहरा उतरला. "चिठ्ठी तरी वाचा, भाऊसाहेब," म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली. वाचायचं काय त्यात! मी ती तशीच दुमडून खिशात कोंबली, घरी येऊन घड्याळाच्या रिकाम्या डबीत टाकली आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच घड्याळ घेऊन उभा राहिलो. त्यानंतर एक झालं. किसनरावांची पाळी आली की ते माझ्या शिट्टीआधीच टँकरची तोटी बंद करायचे. "बस झालं, राहिलेलं पुढच्या गल्लीला जाऊ द्या," म्हणायचे. मला वाटायचं, मला टोमणा मारतात. उन्हाळाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

दोन वर्षांनी बाळू तिकडंच गेला. घरात सुतक होतं, तेव्हा किसनराव येऊन माझ्या शेजारी बसले. बराच वेळ बसले. उठताना हात पुढं केला आणि मी मुकाट्यानं घड्याळ काढून दिलं. सहा दिवसांनी घेऊन आले. लांब काट्याचं चाक त्यांनी स्वतःच्या हातानं घडवून बसवलं होतं. नकली हा शब्द त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि मी... मी माफी मागितली नाही. पुढं इतकी वर्षं एका ताटात जेवलो, पण तेवढं जमलं नाही.

ते गेल्यावर डबी शोधली. चिठ्ठी पिवळी पडलीय, पण अक्षर स्वच्छ आहे. सहा दिवसांच्या सहा ओळी, आणि खाली लिहिलंय: "लांब काटा चालवला तर जड होत जातो. पहिल्या घराला बरोबर. दहाव्याला सात सेकंद मागं. विसाव्याला अठरा सेकंद मागं, म्हणून पाणी जादा. विसावं घर माझं. हे बरं न्हाई."

म्हणजे तक्रार कमी मिळाल्याची नव्हतीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवा लातूरला जाऊन सुजाताला चिठ्ठी वाचून दाखवली. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. ऐकून म्हणाली, "काका, आमचा शेवटचा हंडा नेहमी अर्धाच राहायचा. आई लई बोलायची दादांना. दादा काहीच सांगायचे न्हाईत."

त्यांची काचेची पेटी खिडकीत तशीच आहे, तसबिरीखाली रेडिओ. मी घड्याळ काढून पूर्ण चावी दिली, पेटीवर ठेवलं आणि सुजाताला भिंतीवरच्या घड्याळात बघायला सांगून खटका दाबला. दोघांनी मिळून लागोपाठ वीस वेळा तीन मिनिटं मोजली. विसाव्या घरालाही काटा एक सेकंद मागं पडला नाही.