ठमाबाईची शेळी आणि गोटीरामशेठची पोटरी

ठमाबाईनं त्या दिवशी तोंड मिटून ठेवलं असतं, तर शेळी वाचली असती. पण तोंड मिटणं तिला जन्मात जमलं नव्हतं. मगरी मारण्यासाठी सायखेड्याच्या पारावर सभा भरली होती. ही मागं बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. पुढारी मंडळी कधीची नुसतीच गर्जत होती. अखेर ठमाबाई म्हणाली, "मगर काय तुमची भाषणं ऐकाया येनार हाय व्हय? कायतरी खायाला बांधा काठावर, मंग येईल."

मग एकेक डोकं मागं वळलं आणि ठमाबाईशेजारी पाला खात उभ्या असलेल्या शेळीवर सगळ्यांची नजर ठरली.

झालं! एवढ्या शहाण्यांना जे सुचलं नव्हतं, ते हिनं फुकटात सुचवलं.

ठमाबाई माळीण. नवरा प्लेगात गेला, तेव्हापासून नदीकाठी भाजीची एक पट्टी करायची आणि बाजारच्या दिवशी नाशकात टोपली घेऊन बसायची. तिच्याशी घासाघीस केलेला बाप्या पुढच्या खेपेला स्वतः न येता बायकोला पाठवी. घरात तिची जाऊ लंकाबाई होती. गेल्या उन्हाळ्यात लंकाबाई घाटावर मेथी धुवायला वाकली, ती मगरीनं नेली. मागं तान्ही पोर राहिली. तिला ठमाबाईनं शेळीच्या दुधावर जगवलं होतं.

त्या वेळी गावानं काय केलं? नारळ फोडला. "तिची वेळ भरली होती," असं म्हणून पुढारी मंडळी घरी जाऊन जेवली.

यंदा कांद्याचे आडते गोटीरामशेठ घाटावर आंघोळीला उतरले आणि त्यांच्या पोटरीला मगरीचे चार दात लागले. पाय वाचला, शेठही वाचले. मोटारीनं नाशकाला जाऊन पट्टी बांधून आले आणि आल्यागेल्याला ती सोडून दाखवू लागले. आता मात्र मगर ही गावावरची आपत्ती ठरली. डोहातली एकूण एक मगर मारायची, असा शेठचा हुकूम सुटला.

मगरी खालच्या डोहात पिढ्यान्‌पिढ्या होत्या. घाटापर्यंत त्या येत नसत. पण दोनेक वर्षांपूर्वी महारवाड्यानं गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. आता ही ढोरं कोण पुरणार? गावातल्या मोठ्यांनी हाताला माती लागू न देता तोड काढली: रात्री गाडीवर घालायची आणि घाटाखाली पाण्यात ढकलायची. मगरींना घरपोच पंगत मिळू लागली.

ठमाबाईनं हे सभेतच ऐकवलं. "आधी ढोरं टाकायची बंद करा."

"मग पुरणार कोण?" गोटीरामशेठ म्हणाले.

"तुमाला द्येवानं दोन हात दिल्यात की."

"ठमे, उद्या शेळी घेऊन यायचं. मेली तर बदली देईन. गोटीरामचा शब्द आहे."

नाही म्हणायची सोय नव्हती. भाजीची पट्टी शेठचीच होती, हिनं खंडानं केलेली.

दुसऱ्या दिवशी नाशकाहून शिकारी आला. शिकारी म्हणजे खलील, पेरूच्या बागेचा राखणदार. त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती आणि तिनं त्यानं आजवर पोपट उडवले होते. पोपट पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

शेळी काठावर खुंटीला बांधली. ठमाबाई विळा घेऊन तिच्याशेजारी ठाण मांडून बसली.

"ऊठ तिथनं!" शेठ दूरच्या बैलगाडीवरून ओरडले. "मगरीच्या तोंडाशी माणूस बसतं का?"

"लंकी रोज बसत व्हती. तवा कुनी ऊठ म्हनलं नाय."

खलील अजिजीनं म्हणाला, "मावशी, हट ना जरा. माझा नेम काय लई चांगला नाही."

"ते कळलंय, बाबा. म्हनून तर शेळीला तुझ्यापाशी एकटी सोडत नाय."

ऊन कलायला लागलं आणि पाण्यावर काळं नाक वर आलं. गाडीवरची मंडळी एकमेकांच्या मागं लपू लागली. ठमाबाईनं विळ्यानं दावं कापलं आणि शेळीला वर ओढलं. तेवढ्यात शेठ किंचाळले, "मार!" खलील दचकला. बार उडाला. मगर पाण्याखाली गेली आणि छर्रे शेळीच्या मांडीत, पोटात घुसले.

खलील धावला. त्याचे डोळे भरले होते. "तळमळतीय, मावशी," एवढं म्हणून त्यानं बिस्मिल्ला म्हणत सुरी फिरवली.

मग मंडळींच्या अंगात शौर्य आलं. मगर भिऊन पळाली, असं एकमतानं ठरलं. जांभळीखाली चूल मांडली गेली. शेठनं पोटरी लोडावर ठेवून दोनदा रस्सा मागून घेतला आणि ठमाबाईला एक वाटी पाठवली.

ठमाबाईनं वाटी तशीच परत आणून त्यांच्यापुढं ठेवली. "पोरीला दूध पायजे, शेठ. रस्सा पाजू व्हय?"

खलील जेवला नाही. बंदूक खांद्यावर टाकून खाली मान घालून तो नाशकाच्या वाटेला लागला.

आठ दिवसांनी कोळ्याच्या जाळ्यात हातभर लांबीचं मगरीचं पिल्लू अडकलं. ते काठीला बांधून ताशे वाजवत गावभर मिरवलं. हार शेठच्या गळ्यात पडला. त्याच आठवड्यात शेठचा म्हातारा बैल मेला, तोही घाटाखालीच ढकलला. सायखेड्यातल्या मगरींचा बंदोबस्त तो एवढाच.

लंकाबाईची पोर शेजारच्या कलाबाईच्या म्हशीवर तगली. निम्मं पाणी घातलेलं दूध पिऊन का होईना, उभी राहिली. आता भाकरी मोडून खाते.

ठमाबाई बाजारच्या दिवशी नाशकाला जाताना शेठच्या आडतीपुढं टोपली उतरवते आणि चार गिऱ्हाइकांदेखत विचारते, "शेठ, माझी शेळी कवा?"

"देतो म्हटलं ना! यंदाचा कांदा निघू दे."

कांदा निघाला, विकला गेला, पुन्हा लागला. ठमाबाई टोपली उचलते, चुंबळ नीट करते आणि पुढच्या बाजाराला परत विचारायला येते.